चेहऱ्याचे माप

सुटीच्या दिवशी दुपारी एका मुलाने आपल्या आजीला ओसरीवर बसविले आणि तिचे चित्र काढावयास घेतले. मुलगा बारा वर्षांचा होता व त्याचा हात बरा होता. वहीत काढलेले पोपट, होड्या आणि देवळाचे कळस पाहून शिक्षकांनी त्यास अनेकदा शाबासकी दिली होती. आजीचे चित्रही त्याने मन लावून काढले. नऊवारी लुगड्याचा पदर, नाकातील चमकी, चष्म्याच्या काड्या, कपाळावरील सुरकुत्या, यांतील काही म्हणून सुटले नाही. तासाभराने चित्र पुरे झाले, तेव्हा त्याने ते मोठ्या उत्सुकतेने आजीपुढे धरले. आजीने चष्मा पुसला, कागद जवळ घेतला, मग दूर धरला आणि विचारले, "अरे, ही बाई कोण?"

मुलगा हिरमुसला. त्याला उत्तर देता येईना, कारण प्रश्न रास्त होता. लुगडे आजीचे होते, चष्मा आजीचा होता, चमकीही तिचीच होती. चेहरा मात्र तिचा नव्हता. कोठेतरी चूक झाली आहे हे त्याच्याही ध्यानात आले, परंतु ती कोठे आहे ते सापडेना. त्याने डोळे अधिक काळे केले, सुरकुत्या वाढविल्या, ओठ खोडून पुन्हा काढले. कागद मळला; आजी काही त्यात आली नाही.

व्यक्तिचित्र काढू लागणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हा अनुभव येतो. आंब्याचे झाड काढताना एखादी फांदी बोटभर वर गेली तरी ती कोणाच्या लक्षात येत नाही. झाड आंब्याचेच राहते. डोंगराचे शिखर थोडे बसके झाले, तरी पाहणाऱ्यास त्यात वावगे दिसत नाही. चेहऱ्याची गोष्ट निराळी आहे. मनुष्य जन्मल्यापासून चेहरे पाहत असतो. जत्रेच्या गर्दीत शेकडो अनोळखी माणसांमधून आपला भाऊ त्याला क्षणात सापडतो. वास्तविक सर्वांनाच दोन डोळे, एक नाक व एक तोंड असते. भेद असतो तो त्या अवयवांच्या घडणीत आणि त्यांच्यामधील अंतरांत. आणि तो भेद फार बारीक असतो. चित्रात डोळा जवभर सरकला की माणूस बदलतो. पाहणाऱ्याच्या नजरेला ते तत्काळ जाणवते. पण नजर एवढेच सांगते की, हा तो माणूस नव्हे. चूक डोळ्यात आहे, नाकात आहे, की दोहोंमधील जागेत आहे, हे ती सांगत नाही. ते शोधून काढण्यासाठी चित्रकारास मापाचा आश्रय घ्यावा लागतो.

त्या मुलाने दुसऱ्या दिवशी आपले चित्र चित्रकलेच्या शिक्षकांना दाखविले. त्यांनी चेहऱ्याकडे पाहण्यापूर्वी फुटपट्टी मागितली. कागदावर माथ्यापासून हनुवटीपर्यंत डोक्याची उंची १२ सेंटीमीटर भरली. मग त्यांनी माथ्यापासून डोळ्यांपर्यंतचे अंतर मोजले. ते अवघे ४ सेंटीमीटर होते. "तुझ्या आजीचे डोळे कपाळावर चढले आहेत," ते म्हणाले, "मग ती स्वतःला कशी ओळखणार?"

माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारणपणे मध्यावर असतात. ही गोष्ट इतकी साधी आहे, तरी ती प्रथम ऐकणाऱ्या मुलास खरी वाटत नाही. डोळे डोक्याच्या वरच्या भागात आहेत, असेच प्रत्येकास वाटत असते. याचे कारण असे की, चेहऱ्याकडे पाहताना मन डोळ्यांवर, नाकावर व तोंडावर रेंगाळते. बोलणे, हसणे, रागावणे हे सारे तेथेच घडते. कपाळ आणि त्यावरील केसांचा भाग ही मनाच्या दृष्टीने रिकामी जागा. तेथे पाहण्यासारखे काही नाही, म्हणून मन ती आखडून टाकते आणि हातही तसेच काढतो. डोळे समोर आजीला पाहत असले, तरी हात मनातल्या समजुतीचे चित्र काढत असतो.

याची खात्री आरशापुढे उभे राहून करून घेता येते. एक डोळा मिटावा, डोके स्थिर ठेवावे आणि प्रतिबिंबाचा माथा व हनुवटी जेथे दिसतात तेथे आरशाच्या काचेवर साबणाच्या वडीने एकेक खूण करावी. माथा म्हणजे कवटीचा माथा. केसांचा फुगवटा त्यात धरू नये. मग दोन्ही खुणांचा मध्य काढावा. मध्यावरील रेघ उघड्या डोळ्यावर किंवा त्याच्या अगदी लगत येते. हा प्रयोग करताना आणखी एक मौज दृष्टीस पडते. काचेवरील त्या दोन खुणांमधील अंतर फुटपट्टीने मोजले, तर ते खऱ्या डोक्याच्या उंचीच्या निम्मेच भरते. आणि आरशापासून मागे सरून पुन्हा खुणा केल्या तरी ते बदलत नाही. माणूस आरशापुढे जितक्या अंतरावर असतो, तितक्याच अंतरावर त्याचे प्रतिबिंब आरशामागे असते. काच त्या वाटेच्या मध्यावर असते, म्हणून तिच्यावर निम्मे माप उमटते. आपला चेहरा आरशात आहे तेवढाच दिसतो, असे मानणाऱ्या पुष्कळ मोठ्या माणसांनाही हे सांगून पटत नाही; त्यांना साबणाची वडी देणे बरे.

डोळ्यांची रेषा सापडली की बाकीचे टप्पे सापडू लागतात. कपाळावर जेथे केसांचा आरंभ होतो त्या रेषेपासून भुवयांपर्यंत एक भाग, भुवयांपासून नाकाच्या पायापर्यंत दुसरा भाग आणि तेथून हनुवटीपर्यंत तिसरा भाग, असे चेहऱ्याचे तीन भाग जवळजवळ सारखे असतात. ओठांची फट तिसऱ्या भागात वरून सुमारे एक-तृतीयांश अंतरावर येते. कान भुवयांच्या पातळीपासून नाकाच्या पायाच्या पातळीपर्यंत असतो. आडव्या बाजूने पाहिले तर डोळ्यांच्या रेषेवर डोक्याची रुंदी सुमारे पाच डोळ्यांएवढी असते आणि दोन डोळ्यांच्या मध्ये आणखी एक डोळा मावेल एवढी जागा असते. बाजूने पाहिल्यास डोके समोरून मागे जवळजवळ आपल्या उंचीइतकेच खोल असते, आणि कान त्याच्या मध्यरेषेच्या मागे असतो. नवशिके मूल कान गालाला चिकटवून काढते आणि मागची कवटी कापून टाकते, ते याच कारणाने. कानामागेही डोके आहे, याचा त्यास विसर पडतो.

एखाद्या टक्कल पडलेल्या गृहस्थाचे चित्र काढताना केसांची रेषा कोठे धरावी, असा प्रश्न मुले हटकून विचारतात. त्या गृहस्थांना भुवया वर ओढावयास सांगावे. कपाळावरच्या आठ्या जेथे संपतात, तेथेच जवळपास त्यांच्या केसांचा आरंभ एके काळी होत असे.

चेहऱ्याचे हे तीन समान भाग काही आजकाल सापडलेले नाहीत. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या वास्तुविद्येच्या ग्रंथात ते नोंदले आहेत. केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतचा चेहरा माणसाच्या उंचीच्या दहाव्या हिश्शाएवढा व माथ्यापासून हनुवटीपर्यंतचे डोके आठव्या हिश्शाएवढे असते, असे त्याने म्हटले. त्याच ग्रंथाच्या आधारे इटालियन चित्रकार लिओनार्दो दा विंची याने १४९० च्या सुमारास वर्तुळात व चौकोनात हातपाय पसरून उभ्या असलेल्या माणसाचे चित्र काढले. ते व्हेनिस शहरात जतन करून ठेवलेले आहे. त्यातील माणसाच्या चेहऱ्यावर, छातीवर आणि हातापायांवर या विभागांच्या बारीक रेघाही आखलेल्या दिसतात.

भारतात शिल्पकार व चित्रकार यांनी हेच तीन भाग स्वतंत्रपणे मानले होते. चेहऱ्याच्या लांबीस ते 'ताल' म्हणत. एका तालाची बारा अंगुळे; त्यांतील चार कपाळाची, चार नाकाची आणि चार नाकाखालच्या भागाची. विष्णुधर्मोत्तर पुराणातील 'चित्रसूत्र' या भागात पुरुषांचे हंस, भद्र, मालव्य, रुचक व शशक असे पाच प्रकार सांगितले असून, हंस पुरुषाची उंची १०८ अंगुळे म्हणजे नऊ ताल दिली आहे. तेव्हा विट्रुव्हियसच्या मते उंचीत दहा चेहरे मावतात, आणि चित्रसूत्रातील हंस पुरुषात नऊ. यात कोणाचे चुकले असे मानण्याचे कारण नाही. जिवंत माणसे उंच असतात, ठेंगणी असतात, लांबट चेहऱ्याची असतात, वाटोळ्या चेहऱ्याची असतात. आणि शास्त्रकारांनी आपापल्या परीने त्यांतून एक नमुना निवडला.

तथापि या जुन्या पद्धतीत ध्यानात ठेवण्याजोगी एक गोष्ट आहे. ते अंगुळ बाजारातील गजावरचे नव्हते. ते ज्या मूर्तीचे, तिचेच असे. म्हणून एकाच नियमाने वीतभर उंचीची मूर्ती घडविता येई आणि दोन पुरुष उंचीचीही. लहान-मोठेपणा बदलला तरी अवयवांचे एकमेकांशी असलेले नाते बदलत नसे. याच नात्यास प्रमाण म्हणतात. आजीच्या नाकाची लांबी किती सेंटीमीटर आहे, हे चित्रकारास ठाऊक असण्याची काहीच आवश्यकता नाही. तिच्या नाकात तिची हनुवटी किती वेळा मावते, एवढे कळले तरी पुरे.

त्या मुलाने हे सर्व नियम वहीत उतरून घेतले आणि पुढच्या सुटीत पुन्हा आजीला ओसरीवर बसविले. या वेळी त्याने चित्र नियमाबरहुकूम काढले. १२ सेंटीमीटर उंचीचे डोके घेतले, ६ सेंटीमीटरांवर डोळ्यांची रेषा आखली. केसांची रेषा माथ्याखाली दीड सेंटीमीटरावर धरली. उरलेल्या साडेदहा सेंटीमीटरांचे साडेतीन-साडेतीनचे तीन भाग केले आणि त्यांत भुवया, नाक, ओठ व हनुवटी नीट बसविली. चित्र पहिल्यापेक्षा कितीतरी चांगले उतरले. चेहरा चेहऱ्यासारखा दिसू लागला. आजीने ते पाहिले व ती आनंदाने म्हणाली, "ही तर तुझी आत्या! हुबेहूब काढलीस."

आत्या म्हणजे आजीची मुलगी. मुलाने तिला डोळ्यांपुढे आणले नव्हते. ती त्या दिवशी गावातही नव्हती. मग ती चित्रात आली कोठून? आजीच्या तोंडात एकही दात राहिलेला नव्हता. दात गेले की वरचा व खालचा जबडा पूर्वीपेक्षा अधिक जवळ येतात, ओठ आत वळतात, हनुवटी वर व पुढे येते आणि नाकाखालचा भाग आखूड होतो. मुलाने नियमाप्रमाणे तो भाग इतर दोन भागांएवढा काढला. म्हणजे न कळत त्याने आजीस तिचे दात परत दिले आणि तिचे वय पंचवीस-तीस वर्षांनी कमी केले. आजीच्या चेहऱ्याची ठेवण आत्याच्या चेहऱ्यात उतरली होतीच. तेव्हा चित्रात आत्या दिसली यात नवल नाही.

नियमाची ही मर्यादा होय. नियम पुष्कळ माणसांचा मिळून केलेला असतो. तो जसाच्या तसा एका माणसास लागू पडेल असे नाही. वयानुसार तर तो फारच बदलतो. नुकत्याच जन्मलेल्या बालकाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे चौथ्या हिश्शाएवढे असते. मोठ्या माणसाचे सातव्या-आठव्या हिश्शाएवढे. लहान मुलाची कवटी मोठी व जबडा लहान, म्हणून त्याचे डोळे मध्यावर नसून मध्याच्या खाली असतात. ज्या चित्रकारांनी हे पाहिले नाही, त्यांच्या चित्रांतील बाळे लहान आकाराच्या म्हाताऱ्यांसारखी दिसतात. तशी चित्रे पाहावयास कोठे दूर जावे लागत नाही.

मग नियम शिकण्याचा उपयोग तरी काय? या प्रश्नाचा विचार जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहराचा चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याने जितका केला, तितका क्वचितच कोणी केला असेल. त्याचा जन्म १४७१ सालचा. आरंभी तो एका परिपूर्ण मनुष्याकृतीचे प्रमाण शोधत होता. पुढे त्याने स्त्री-पुरुषांची अनेक प्रकारची प्रमाणे नोंदली. कृश, स्थूल, ठेंगणी, उंच, सर्व तऱ्हेची. मनुष्यदेहाच्या प्रमाणावरील त्याचे चार भाग १५२८ साली, त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, प्रसिद्ध झाले. त्यात त्याने चेहऱ्यावर आडव्या-उभ्या रेषांची चौकट आखून दाखविली आहे. मग तो त्यांपैकी रेषा थोड्या सरकवितो. एक पट्टा रुंद होतो, दुसरा अरुंद होतो. कोठे सारी चौकटच तिरपी होते. चेहऱ्याचा प्रत्येक अवयव आपापल्या पट्ट्यातच राहतो, पण दर वेळी निराळाच माणूस कागदावर अवतरतो. एकाचे कपाळ मागे झुकलेले, एकाची हनुवटी पुढे आलेली, एकाचे नाक बसलेले. रेषा सरळ व सम असताना जो चेहरा कोणाचाच नव्हता, तो रेषा हलताच कोणाचा तरी झाला. आजीची आजी म्हणून ओळख याच ठिकाणी होती: तिसरा भाग इतर दोहोंपेक्षा किती आखूड, एवढ्यात. सम रेषा ठाऊक असल्याखेरीज ती किती सरकली हे कळले नसते.

ती किती सरकली आहे हे मोजण्याची रीत जुनी आणि बिनखर्चाची आहे. तिला एक पेन्सिल पुरते. चित्रकार आपल्या जागेवर ताठ बसतो, पेन्सिल धरलेला हात समोर पूर्ण लांब करतो, एक डोळा मिटतो व पेन्सिलीचे टोक आजीच्या माथ्यावर आले असे दिसेपर्यंत हात वर-खाली करतो. मग अंगठा पेन्सिलीवरून खाली सरकवीत हनुवटीच्या रेषेवर आणतो. टोकापासून अंगठ्यापर्यंतचा पेन्सिलीचा तुकडा हे आजीच्या डोक्याचे माप झाले. हाच तुकडा न हलविता आडवा धरला की डोक्याची रुंदी उंचीच्या किती पट आहे ते दिसते. बहुधा ती पाऊण पटीच्या आसपास असते. कागदावर डोके १२ सेंटीमीटर उंच असेल, तर रुंदी ९ सेंटीमीटरांच्या जवळपास घ्यावयाची. पेन्सिलीवरचे माप कागदावर तसेच उतरावयाचे नसते. उतरावयाचे असते ते अर्धा, पाव, पाऊण हे नाते.

हे करताना कोपर ताठ का ठेवावयाचे, याचे कारण गणितात आहे. आजी मुलाच्या डोळ्यापासून २०० सेंटीमीटरांवर बसली आहे आणि पेन्सिल ५० सेंटीमीटरांवर आहे, असे धरले, तर पेन्सिल आजीच्या चौथ्या हिश्शाच्या अंतरावर आहे. तेव्हा तिच्या डोक्याची उंची २० सेंटीमीटर असल्यास ती पेन्सिलीवर चौथा हिस्सा म्हणजे ५ सेंटीमीटर दिसेल. आता कोपर थोडे वाकले व पेन्सिल ४० सेंटीमीटरांवर आली, की तेच डोके ४ सेंटीमीटर भरेल. आजी जागची हललेली नाही, डोकेही तेवढेच आहे. तरी एक सेंटीमीटराची तफावत पडली. उंची ताठ हाताने आणि रुंदी वाकल्या हाताने मोजली, तर चित्र बिघडणारच. पेन्सिल पुढे कलली तरी असाच घोटाळा होतो. ती नेहमी नजरेशी काटकोनात, जणू मध्ये उभ्या केलेल्या काचेवर टेकविली आहे अशी धरावी. डोळाही दर वेळी तोच मिटावा.

ड्यूररने तर खरोखरच अशी काच उभी केली होती. त्याच्या १५२५ च्या मापनावरील पुस्तकात एक चित्र आहे. त्यात एक चित्रकार बसलेल्या माणसाचे चित्र उभ्या काचेवर काढीत आहे. चित्रकाराचे डोके हलू नये म्हणून त्याच्यापुढे एका दांड्यावर डोळा लावण्यासाठी भोक ठेवलेले आहे. त्या भोकातून पाहावयाचे आणि काचेवर जे जेथे दिसेल ते तेथे गिरवावयाचे. ताठ हातातील पेन्सिल ही त्या काचेचीच गरिबाची आवृत्ती होय. तिच्यात काच फुटण्याचे भय नाही एवढा अधिक लाभ.

मापे घेताना मोठी आधी व लहान मागाहून घ्यावी. डोळ्याची रुंदी हे एकक धरून पाच वेळा मोजत गेले, तर पहिल्या मापात झालेली एका मिलिमीटरची चूक शेवटी पाच मिलिमीटर होते. याउलट डोक्याची पूर्ण उंची आधी नक्की केली, मग तिचा मध्य, मग मध्याखालचे टप्पे, असे उतरत गेले तर चूक वाढत नाही. ती त्या त्या टप्प्यात अडकून राहते.

लांबी मोजून भागत नाही. कोणती गोष्ट कशाच्या खाली आली तेही पाहावे लागते. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी ओळंबा सोडतो, व थर समपातळीत आहे की नाही हे पाणसळीने पाहतो. चित्रकारही तेच करतो. पेन्सिल चिमटीत धरून उभी लोंबू दिली की तिचाच ओळंबा होतो. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरून तो सोडला, तर समोर पाहणाऱ्या चेहऱ्यात तो नाकपुडीच्या कडेजवळून जातो. आडव्या पेन्सिलीने नाकाचा पाया आणि कानाची पाळी एका पातळीत आहेत की नाहीत ते दिसते.

माणूस मान वाकवून बसला असेल, तर या आडव्या रेषा फार उपयोगी पडतात. मान खाली गेली की डोक्याचा माथा मोठा दिसू लागतो, कपाळापासून हनुवटीपर्यंतचा भाग आकसतो आणि कान डोळ्यांच्या मानाने वर चढतात. मान वर केली की कान खाली उतरतात. मूल पाटीवर लिहीत असेल किंवा आई तांदूळ निवडत असेल, तेव्हा हे सहज पाहावयास मिळते. अशा वेळी डोळे मध्यावर असतात हा नियम घोकून उपयोग नाही. तो समोर ताठ पाहणाऱ्या चेहऱ्याचा नियम आहे.

जिवंत माणसाची मुख्य अडचण अशी की, तो हलतो. त्यास खोकला येतो, माशी बसते, कोणी हाक मारली की तो मान वळवितो. म्हणून मुंबईत १८५७ साली स्थापन झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत विद्यार्थ्यांस प्रथम ग्रीक व रोमन शिल्पांच्या पांढऱ्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून रेखाटन करावयास लावीत, आणि मग माणसाकडे वळू देत. प्लास्टरचे मस्तक तासन् तास स्थिर राहते, त्याचे माप दहा वेळा घेतले तरी ते कंटाळत नाही. या शाळेत शिकलेले महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) आणि सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांची व्यक्तिचित्रे पाहताना हे मोजमाप मुळीच दिसत नाही. घर उभे राहिल्यावर गवंड्याचा ओळंबा तरी कोठे दिसतो?

मुलाजवळ प्लास्टरचे मस्तक नव्हते. त्याच्याजवळ आजी होती, आणि तीही दुपारच्या चहापर्यंतच. तिसऱ्या वेळी त्याने ओसरीच्या फरशीवर खडूने दोन खुणा केल्या, एक आजीच्या पाटाची व एक आपल्या बैठकीची. कागदावर त्याने पंधरा मिनिटे एकही अवयव काढला नाही. फक्त माथा, हनुवटी व मधले टप्पे यांच्या फिकट रेघा मारल्या. "आजी, हलू नको ग," असे तो म्हणे, आणि आजी "हलते कोठे, श्वास तरी घेऊ दे," असे म्हणे.

मापे घेता घेता त्यास दिसले की, आजीच्या नाकाखालचा भाग भुवयांपासून नाकापर्यंतच्या भागाच्या जेमतेम पाऊण पट आहे. त्याने पेन्सिल पुन्हा लावून पाहिली. माप तेच आले. हनुवटी वर आल्यामुळे डोक्याचा मध्यही किंचित वर सरकला होता, आणि तिचे डोळे बरोबर मध्यावर नसून त्याच्या थोडे खाली होते. मुलाचा हात थबकला. नियम वहीत लिहिलेला होता व माप पेन्सिलीवर होते. त्याने पेन्सिलीचे ऐकले. हनुवटीची रेषा वर घेतली, ओठ आत वळविले. सुरकुत्या तर त्याने या खेपेस चारच काढल्या.

चहा झाल्यावर चित्र आजीच्या हाती गेले. या वेळी तिने काही विचारले नाही. ती बराच वेळ पाहत राहिली. मग आपल्या हनुवटीवरून तिने हात फिरविला आणि म्हणाली, "माझी आई अगदी अशी दिसायची, शेवटी शेवटी. तिचे चित्र कोणी काढले नाही." तिने कागद परत दिला नाही, तो मांडीवर ठेवून ती तशीच बसून राहिली.

मुलगा मात्र अजून चित्राकडेच पाहत होता. कानाची पाळी त्याने नाकाच्या पायाच्या पातळीवर थांबविली होती, वहीत लिहिल्याप्रमाणे. त्याने आजीकडे पाहिले, हात लांब केला, एक डोळा मिटला आणि पेन्सिल आडवी धरली. वयामुळे आणि वर्षानुवर्षे घातलेल्या कुड्यांच्या भाराने आजीची पाळी त्या रेषेच्या चांगली बोटभर खाली लोंबत होती. तो खोडरबर शोधू लागला.